‘शुगर फ्री’ लिहिलेल्या डब्यात नेमकं काय असतं?

औशाची सून

मंडळी, घरात दोन डबे आलेत आणि दोन्हीवरनं वाद पेटलाय.

पहिला डबा पुतण्याचा. पोरगं पोलीस भरतीची तयारी करायलंय. पहाटे मैदानावर १६०० मीटर, संध्याकाळी जिम आणि वरून व्हे प्रोटीनचे दोन स्कूप. एक घोट घेऊन बघितला, तर बासुंदीहून गोड! डब्यावर साखर मात्र शोधून सापडत नाही. घटकांच्या यादीत शेवटी बारीक अक्षरात ‘स्वीटनर (आयएनएस ९५५, आयएनएस ९५०)’ एवढंच.

दुसरा डबा मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. त्यांना जुनी शुगर आहे. दिरांनी पुण्याहून ‘शुगर फ्री’ काजूकतली आणली, चहात टाकायच्या पुड्या आणल्या. मामा म्हणतात, साखरच नाही तर मोजून कामून खायचं? जाऊबाई म्हणतात, ह्या सगळ्यानं कॅन्सर होतो, व्हॉट्सॲपवर आलंय. पुतण्या म्हणतो, काकू, तुम्हाला त्यातलं कळत नाही.

तर कळणाऱ्यांनी सांगा. लिंका नकोत, घरात वाचून दाखवता येईल असं लिहा.

काळी माती

सगळं केमिकल आहे ताई. दोन्ही डबे उकिरड्यावर टाका आणि गूळ खा. आमच्या आज्यानं जन्मभर गूळ खाल्ला आणि म्हातारपणापर्यंत औत हाकलं.

केमिस्टकाका (परभणी)

आज्यानं औत हाकलं म्हणून गूळ पचला, दादा. गुळातही बहुतांश सुक्रोजच असतं, म्हणजे साखरेत असतं तेच. थोडं लोह, थोडी खनिजं, एवढाच फरक. ‘साखर सोडली, गूळ धरला’ असं अभिमानानं सांगत माणसं काउंटरवर येतात आणि हातातला रिपोर्ट पाहिला की मलाच घाम फुटतो. शुगरच्या पेशंटला गूळ सुचवू नका, हात जोडतो.

दंडबैठक (नांदेड)

पुतण्याच्या डब्याबद्दल सांगतो. जवळपास सगळ्या फ्लेवरवाल्या प्रोटीनमध्ये हेच दोन असतात. बिनस्वादाचं मिळतं, पण पोरं पीत नाहीत. व्हे निदान पचनी पडतो, पण अमिनो ॲसिडची पावडर (बीसीएए) नुसती पाण्यात टाकून प्या एकदा, कारल्याचा रस बरा म्हणाल. गोड केल्याशिवाय ते विकलंच जाणार नाही.

गोदाकाठी

मी परभणीला कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात शिकले, त्यामुळे यात जरा बोलते. लांबेल.

आयएनएस म्हणजे खाण्यात घालायच्या पदार्थांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक. ९५५ म्हणजे सुक्रालोज. साखरेच्या साधारण ६०० पट गोड. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात टेट अँड लाइल कंपनीसाठी काम चालू होतं, तेव्हा हे सापडलं. साखरेच्या रेणूवर क्लोरीन बसवून बघत होते. त्या चमूत शशिकांत फडणीस नावाचे आपले संशोधक होते. प्रमुखांनी पदार्थ तपासायला सांगितला आणि फोनवर ऐकण्यात गफलत होऊन फडणीसांनी तो चाखला. या क्षेत्रात हे नवं नाही. सॅकरीन (१८७९), सायक्लामेट (१९३७), ॲस्पार्टेम (१९६५), हे सगळे असेच बोटाला लागून, तोंडात जाऊन सापडलेत. आज कुठल्याही प्रयोगशाळेत असं कुणी केलं तर हाकलून देतील.

९५० म्हणजे ॲसेसल्फेम पोटॅशियम, साखरेच्या सुमारे २०० पट गोड. दोन्ही एकत्र का? ॲसेसल्फेमचा गोडवा जिभेवर पटकन येतो, पण मागे कडसर चव ठेवतो. सुक्रालोजचा हळू चढतो आणि रेंगाळतो. एकानं दुसऱ्याचं झाकायचं. शिवाय मिळून वापरले की दोन्ही कमी लागतात, म्हणजे कंपनीचे पैसेही वाचतात.

आता प्रमाण. एका स्कूपला दहा-बारा ग्रॅम साखरेइतकी गोडी आणायला सुक्रालोज वीसेक मिलिग्रॅम पुरतं. पावडर फारच गोड असेल तर तिप्पट धरा. सुक्रालोजची रोजची मर्यादा अमेरिकेच्या अन्न-औषध संस्थेनं (एफडीए) दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम ठेवली आहे. डब्ल्यूएचओ आणि एफएओची संयुक्त तज्ज्ञ समिती (जेकफा) १५ म्हणते. कडक आकडा घेतला तरी ७० किलोच्या पोराला ३५० मिलिग्रॅम होतात. दोन स्कूपनं तो तिथं पोचत नाही. आणि ही मर्यादा म्हणजे ओलांडली की माणूस पडला, अशी रेघ नव्हे. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला काहीच वाईट दिसलं नाही, तिला साधारण शंभरानं भागून हा आकडा काढतात. आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल असा त्याचा अर्थ.

पण हे एका डब्याचं झालं. पोरगं प्रोटीन पितं, वर व्यायामाआधीचं प्री-वर्कआउट, दुपारी पाण्यात फसफसणारी व्हिटॅमिनची गोळी, मध्येच एनर्जी ड्रिंक, च्युइंगम. सगळ्यांत हेच चार-पाच गोड पदार्थ आलटून पालटून. घरात नुसती यादी काढली तरी आश्चर्य वाटेल.

चिकित्सक

आणि कॅन्सरचं काय? २०२३ मध्ये डब्ल्यूएचओनं जाहीर केलं होतं ना? ते सोयीस्कर विसरलात.

गोदाकाठी

विसरले नाही, जेवायला गेले होते.

ते ॲस्पार्टेमबद्दल होतं. पुतण्याच्या डब्यात ते नाही. जुलै २०२३ मध्ये आयएआरसी या डब्ल्यूएचओच्या कर्करोग संस्थेनं ॲस्पार्टेम ‘२बी’ गटात टाकलं, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’. हे गट पुराव्याच्या बळावर ठरतात. किती खाल्ल्यावर किती धोका, हे त्यातून कळत नाही. त्याच दिवशी जेकफानं ॲस्पार्टेमची मर्यादा दर किलोला ४० मिलिग्रॅम होती तीच कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला डाएट कोल्ड्रिंकचे दिवसाला ९ ते १४ कॅन लागतील, असा हिशोब त्यांनीच दिला होता. व्हॉट्सॲपवर पहिली बातमी फिरली, दुसरी फिरली नाही.

२बी गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे, आशियाई पद्धतीच्या लोणवलेल्या भाज्या आहेत.

काळी माती

आता लोणचं पण बंद का?

गोदाकाठी

नाही हो. ते चीन-कोरियाकडचं लोणवणं. तुमची कैरीची बरणी सुखरूप आहे.

केमिस्टकाका (परभणी)

गोदाकाठी ताईंनी गटांचा विषय काढलाच आहे, तर मनातली खदखद बोलून घेतो. आपल्याकडं लेकरांच्या पोटात सॅकरीन जातं ते डाएट कोल्ड्रिंकमधून नव्हे. ते जातं गोड सुपारीच्या पुडीतून आणि उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या नळीतल्या रंगीत ‘पेप्सी’तून. शाळेसमोरच्या टपरीवर बघा. त्या नळीत साखर घालणं परवडतच नाही.

आणि गंमत अशी, की सॅकरीनला लोक घाबरतात. १९७० च्या दशकात उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या, १९७७ साली अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला, पुढं कळलं की ती यंत्रणा उंदरांपुरती आहे, माणसात तशी चालत नाही. आयएआरसीनं १९९९ मध्ये सॅकरीन खालच्या गटात नेलं आणि २००० साली अमेरिकेनं पाकिटावरचा इशाराही काढला. उलट सुपारी! सुपारी पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत, तंबाखूच्या रांगेत. तंबाखू न घालता नुसती सुपारी. तोंड उघडत नाही म्हणून चमच्यानं पातळ खाणारी तरुण पोरं मी बघतो. त्यांच्या घरचे मला विचारतात, काका, शुगर फ्री गोळीनं काही होत नाही ना?

शमा (जालना)

काका, एकदम मनातलं बोललात. आमच्या गल्लीत लेकरू रडलं की सुपारीची पुडी देतात.

माझा एक प्रश्न. लेकराला जुलाब लागले तेव्हा भावानं पाण्यात फसफसणारी इलेक्ट्रोलाइटची गोळी आणली, वर ‘झिरो शुगर’. साखर नाही म्हणून चांगलीच, असं त्याचं म्हणणं. मी दिली नाही. बरोबर केलं का?

केमिस्टकाका (परभणी)

शंभर टक्के बरोबर. ओआरएसमधलं ग्लुकोज गोडीसाठी नसतंच. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात आणि त्यांच्यामागं पाणी जातं. ग्लुकोज काढून सुक्रालोज टाकलं तर चव राहील, पण तो खेचण्याचा भाग गेला. डब्ल्यूएचओच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ आहे. जुलाबात तेच पाकीट, एक लिटर पाण्यात अख्खं. आणि फसफसणाऱ्या गोळ्यांत बऱ्याचदा सॉर्बिटॉल असतं, ते स्वतःच पोट ढिलं करतं. जुलाबावर जुलाब.

तुमच्याकडं रमजानात कुणी शुगरवाले रोजे धरत असतील तर आणखी एक. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, हातपाय थरथरले, घाम फुटला, तर साखर खाली गेली समजा. तेव्हा खरी साखर तीन चमचे पाण्यात, नाहीतर ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी परत तपासायची. अशा वेळी घरात फक्त शुगर फ्री पुड्या असतील तर काही उपयोग नाही. एकादशीवाल्यांनाही हेच लागू. शुगरच्या पेशंटच्या घरात साखर ठेवू नये असं काही जण समजतात, ते उलटं आहे.

दंडबैठक (नांदेड)

डाएट कोल्ड्रिंक पाजून बघितलेले महाभाग मी पाहिलेत. चक्कर आलेल्या पोराला! झिरो म्हणजे झिरोच की.

पेढेवाला

बीड जिल्ह्यात आमचं तीन पिढ्यांचं दुकान आहे. काजूकतलीबद्दल आतली गोष्ट सांगतो.

मिठाईत साखर गोडीपुरती नसते. ती वजन देते, बांधते आणि टिकवते. पेढ्यात खव्याच्या साधारण तिसरा हिस्सा साखर पडते. ती काढून चिमूटभर सुक्रालोज टाकलं तर गोडी येईल, पण माल कमी भरतो, वडी बसत नाही आणि दोन दिवसांत आंबूस वास. म्हणून ती जागा भरायला काहीतरी घालावंच लागतं. मोठे कारखाने माल्टिटॉल घालतात. गावातले हलवाई खजूर-अंजीर घालतात आणि वर शुगर फ्रीची पाटी लावतात. खजुरात साखर नसते का? ‘वरून साखर घातली नाही’ आणि ‘साखर नाही’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि खव्यात दुधाची साखर असतेच, ती कुणाला काढता येत नाही. कुंथलगिरीकडचा खवा असो नाहीतर आणखी कुठला.

मी स्वतः शुगर फ्री पेढा ठेवत नाही. गिऱ्हाईक जातं, जाऊ दे.

गोदाकाठी

पेढेवाले दादांनी मुद्द्याला हात घातला. माझ्या मते खरी गोम इथंच आहे. चर्चा सगळी सुक्रालोजच्या वीस मिलिग्रॅमवर चालते आणि डब्यातल्या बाकीच्या वजनाकडं कुणी बघत नाही.

कायद्यानं ‘शुगर फ्री’ लिहायला १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर नको. पण माल्टिटॉल (आयएनएस ९६५) या हिशोबात साखर धरली जात नाही. ते साखरेपेक्षा सावकाश का होईना, रक्तातलं ग्लुकोज वाढवतं आणि ग्रॅमला दोनेक कॅलरी देतं. साखर चार देते. म्हणजे मामांनी दुप्पट वड्या खाल्ल्या की हिशोब बरोबरीत. काजू, तूप वेगळंच.

चहाच्या पुडीतही तेच. एका पुडीत बहुतेक वजन माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनची भुकटी) किंवा डेक्स्ट्रोजचं (म्हणजे ग्लुकोजच), कारण नुसतं सुक्रालोज बोटाच्या चिमटीतही धरता येणार नाही. एका पुडीनं काही होत नाही. पण माल्टोडेक्स्ट्रिन रक्तात साखरेइतकंच, किंबहुना जास्त वेगानं चढतं. वजन वाढवायच्या ‘मास गेनर’ प्रोटीन डब्यांत तर हेच किलोनं असतं आणि वर ‘नो ॲडेड शुगर’ छापतात.

स्टेव्हियाच्या नावानं मिळणाऱ्या पाकिटांचंही तसंच. पान नैसर्गिक, चित्र हिरवं, पण आत बहुतांश माल्टिटॉलच्याच जातीचं एरिथ्रिटॉल (९६८). २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणाऱ्यांत हृदयविकाराचं आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त आढळलं. आपलं शरीरही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे कारण आणि परिणाम सुटे करणं सोपं नाही. पण हृदयाचा पेशंट असेल तर मी ते रोज चमच्यानं देणार नाही. शिवाय स्टेव्हियाची जी मर्यादा तपासून ठरली आहे ती शुद्ध केलेल्या अर्काची आहे, कुंडीतल्या पानांची नव्हे.

केमिस्टकाका (परभणी)

माल्टिटॉलचा एक किस्सा. एक गृहस्थ मेटफॉर्मिनच्या गोळीनं पोट बिघडतं म्हणून गोळी बंदच करून बसले होते. मेटफॉर्मिननं असं होतं हेही खरं. पण विचारता विचारता कळलं, मुलीनं दिलेली शुगर फ्री चॉकलेटं रोज जेवणानंतर चालू होती. पाकिटावर ‘पॉलिऑल्समुळे जुलाब होऊ शकतात’ हे छापलेलं होतं. पॉलिऑल्स म्हणजे हेच माल्टिटॉल, सॉर्बिटॉल वगैरे. चॉकलेटं थांबवली, डॉक्टरांना विचारून गोळी परत सुरू केली, पोट जाग्यावर.

बीपीवाल्यांनो, फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियमही चांगलंच असतं. रोज घेत असाल तर तेवढं बघा.

पुरणाचा घाट

खीर, शिरा, पुरण यात ही पावडर चालते का? सासूबाईंना येळवशीला (वेळ अमावस्येला) गोड लागतंच.

गोदाकाठी

ॲस्पार्टेमवाली उकळत्यात टाकू नका, गोडी उडते. सुक्रालोज उकळण्यात टिकतं. पण १२० अंशांच्या वर, म्हणजे तळण, भाजणं, ओव्हन, तिथं नको. जर्मनीच्या बीएफआर संस्थेनं २०१९ मध्ये सांगितलंय की त्या तापमानाला क्लोरीनयुक्त नको ती संयुगं तयार होऊ शकतात. खीर उतरवल्यावर टाका. पुरणात मात्र गूळ काढला की पुरण राहतच नाही, माझं मत. सासूबाईंना अर्धी पोळी खऱ्या पुरणाची द्या, भात कमी वाढा.

चिकित्सक

वजनाचं कुणी बोललं नाही. माझ्या माहितीप्रमाणे डब्ल्यूएचओनं मे २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी हे वापरू नका असंच सांगितलंय.

गोदाकाठी

सांगितलंय, बरोबर. लांबच्या अभ्यासांत वजनाला टिकाऊ फायदा दिसला नाही. पण ती सशर्त शिफारस आहे आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही, हे त्यातच लिहिलंय. माल्टिटॉलसारखी पॉलिऑल्सही त्यात येत नाहीत. म्हणजे मामांसाठी ती नाहीच. पोटातल्या जिवाणूंवरचा परिणाम हा मात्र खरा उघडा प्रश्न आहे. २०२२ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात १२० निरोगी माणसांवरचा इस्रायलमधला प्रयोग आला. सॅकरीन आणि सुक्रालोज दोन आठवडे दिल्यावर काहींची ग्लुकोज पचवण्याची क्षमता बदलली, काहींची नाही. म्हणून ‘निष्क्रिय पदार्थ, काहीच करत नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यावरही माझा विश्वास नाही.

काळी माती

हे सगळे अभ्यास कुणाच्या पैशानं होतात ते पण लिहा की.

गोदाकाठी

रास्त प्रश्न. दोन्ही बाजूंच्या अभ्यासांना तो विचारायला हवा. १९६७ साली हृदयविकारात साखरेचा दोष कमी दाखवणारा हार्वर्डच्या शास्त्रज्ञांचा लेख साखर उद्योगाच्या पैशानं लिहिला गेला होता, हे २०१६ मध्ये जुन्या कागदपत्रांतून बाहेर आलं. आपण तर उसाच्या मुलखातली माणसं. लातूरला पिण्याला रेल्वेनं पाणी आणलं त्या वर्षीही (२०१६) इथं उसाचं राजकारण थांबलं नव्हतं.

दंडबैठक (नांदेड)

विषय उसाकडं गेला म्हणजे आता धागा संपत नाही.

औशाची सून

सगळ्यांचे लै आभार. मामांना वाचून दाखवलं. काजूकतलीच्या डब्यावर ९६५ निघाला, गोदाकाठी ताई म्हणाल्या तेच माल्टिटॉल. मामा म्हणाले, मग ह्याला शुगर फ्री कसं म्हणू देतात? पुढं त्यांनी डबा शेजारच्या पोरांना वाटायला काढला, तो मी अडवला. पाकिटावर ‘लहान मुलांसाठी नाही’ असंही आहे.

पुतण्याला मर्यादेचं सांगितलं, तर तो म्हणाला, बघा मी बरोबर होतो. मग मी डबा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला. बॅच नंबर खरवडल्यासारखा आहे. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचा) लोगो आहे, पण खाली परवान्याचा नंबर नाही. त्याला हा डबा ओळखीच्या कुणीतरी अर्ध्या किमतीत दिलाय.

दंडबैठक (नांदेड)

ताई, मग इतका वेळ आपण भलत्याच गोष्टीवर बोलायलोत! नंबर चौदा आकडी असतो, तो नसेल तर डबा कुणाचा हेच माहीत नाही. आत स्वीटनर कुठलं, प्रोटीन किती, आणखी काय घातलंय, लेबलावरचं काहीच धरून चालता येत नाही. भरतीच्या सीझनला असे डबे लै फिरतात. त्याला म्हणावं, ज्यानं दिला त्याच्याकडं बिल माग.

औशाची सून

मागितलं. फोन उचलंना गेलाय.

दंडबैठक (नांदेड)

डबा बंद करून ठेवा, फेकू नका. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात दाखवायला लागेल. तोवर पोराला फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली अंडी आणि लातुरात राहून सोयाबीन मिळत नाही असं म्हणू देऊ नका.